उरलेल्याचं निम्मं

आठवीच्या पुस्तकात चलन नावाचा धडा आहे. एक राशी वाढली की दुसरीही त्याच प्रमाणात वाढते, ते समचलन. एक वाढली की दुसरी त्याच प्रमाणात घटते, ते व्यस्त चलन. उदाहरणं नेहमी मजुरांची असतात: इतक्या मजुरांना विहीर खणायला इतके दिवस, तर तितक्यांना किती. आमच्या शेरीदऱ्यात विहीर मशीनने खणतात आणि मजूर मिळणं ही काल्पनिक गोष्ट आहे, म्हणून मी ग्रामपंचायतीचं उदाहरण देते. उपसरपंचपद एक, मुदत पाच वर्षं. इच्छुक वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचे महिने कमी होतात. हे पोरांना लगेच कळतं, कारण प्रत्येकाच्या घरी एक तरी इच्छुक असतोच.

मी रश्मी. माहेर श्रीरामपूर, सासर पारनेर तालुक्यातलं शेरीदरा, नोकरी सासरच्याच गावातल्या माध्यमिक शाळेत, विषय गणित. सासर आणि नोकरी एकाच गावात असण्याचा तोटा असा, की सकाळी ज्याला भोपळा द्यावा त्याचा चुलता संध्याकाळी आपल्याच ओट्यावर चहा पीत बसलेला असतो. फायदा अजून शोधते आहे.

या गोष्टीत मध्यभागी माझ्या सासूबाई आहेत, गोजरबाई. मी त्यांना आत्या म्हणते. साठी ओलांडलेली, काटक बाई, आवाज खणखणीत. तीन नंबरच्या वॉर्डातल्या निम्म्या म्हशी त्यांच्या हातावर व्यायल्या आहेत. वासरू आडवं आलं की लोक आधी आत्यांना हाक मारतात आणि मग डॉक्टरला फोन लावतात. त्यामुळे महिला राखीव जागेवर त्या उभ्या राहिल्या तेव्हा प्रचार असा करावाच लागला नाही. म्हशींना मतदान असतं तर विरोधकांची अनामतही गेली असती.

आमच्याकडे उपसरपंचपद पाच वर्षं एकाच्या हातात ठेवायची पद्धत नाही. इतकी वर्षं एकाच माणसाचं तोंड कोण बघणार. निकाल लागला की जिंकलेल्या पॅनलचे इच्छुक खंडोबाच्या देवळात बसतात, महिने वाटून घेतात आणि बेल-भंडारा उचलून शपथ घेतात की आपली पाळी संपली की राजीनामा देईन. कागद नाही, सही नाही, सगळं देवाच्या भरवशावर. या खेपेला इच्छुक चार होते: आप्पासाहेब, वाल्मिक, गोरक्षनाथ आणि आत्या. साठ महिने भागिले चार, भागाकार पंधरा, बाकी शून्य. प्रत्येकाला सव्वा वर्ष. इतकं सरळ गणित मला दहावीच्या पेपरातसुद्धा घालायची लाज वाटेल.

फक्त भागाकाराने वाटे किती ते कळतं, आधी कोण ते कळत नाही. क्रम देवळात ठरला आणि आत्यांचा नंबर शेवटचा आला. त्या स्वतः देवळात नव्हत्या. त्यांच्या वतीने त्यांचा मुलगा आदिनाथ, म्हणजे माझा नवरा, बसला होता. समीकरणं सोडवायची एक रीत आहे, एका चलाचा लोप करण्याची. दोन चल असले की एकाला घालवायचं, म्हणजे उरलेल्याची किंमत काढता येते. आमच्या गावात ही रीत सगळ्यांना येते, अगदी नववी नापास झालेल्यांनाही. बाई निवडून येते, बाईचा लोप होतो, आणि खुर्चीवर मुलगा, नवरा किंवा सासरा शिल्लक राहतो. आत्या सदस्य होत्या, पण बैठकीला आदिनाथ जायचा. सहीसाठी रजिस्टर घरी यायचं आणि आत्या गोठ्यातून हात पुसत येऊन सही करायच्या.

तरी त्यांनी एक गोष्ट मनाशी धरून ठेवली होती. एकदा मी भाकऱ्या थापत होते आणि त्या बाजूला दुधाची किटली घासत होत्या, तेव्हा म्हणाल्या, "मला त्या खुर्चीत बसायचंय, रश्मी. लोकांनी मत मला दिलंय. आदिनाथला न्हाई दिलं." एवढंच. त्यावर त्यांनी भाषण केलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. जे मिळालंय ते आपल्याला मिळावं, इतकीच त्यांची मागणी होती.

आता पुढे काय झालं ते ऐका. आप्पासाहेब पहिले. पंधरा महिने झाले तरी उठेनात. म्हणाले, मधे दोन निवडणुकांची आचारसंहिता लागली होती, त्या काळात काम करता येत नाही, म्हणून ते पाच महिने धरायचे नाहीत. झाले वीस. मग वाल्मिक बसला. त्याच्या काळात आचारसंहिता वगैरे काही नव्हती, पण आप्पाला वीस तर मला पंधरा का, हा त्याचा प्रश्न होता आणि गावात त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. त्यालाही वीस. चाळीस संपले, वीस उरले आणि माणसं उरली दोन, गोरक्षनाथ आणि आत्या.

गोरक्षनाथ आधी बसला. भला माणूस, दुधाचा टेम्पो चालवतो, कुणाला दुखवायचं त्याला जमत नाही, म्हणून तो सगळ्यांना हो म्हणतो. असं ठरलं की उरलेल्याचं निम्मं त्याचं, निम्मं आत्यांचं. दहा-दहा. वाटलं, चला, पंधरा नाही तर दहा. दहा महिने झाले. गोरक्षनाथाने निरोप पाठवला की कामं अर्धवट आहेत, तर आता जे उरलंय त्याचं निम्मं मला द्या, निम्मं काकूंना. पाच-पाच. तेही पाच महिने गेले. मग पुन्हा निरोप आला. निरोप काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

आदिनाथ घरी भयंकर चिडलेला असायचा. "मी बघतो त्याच्याकडं. शब्द म्हंजी शब्द," असं म्हणून तो फोन घेऊन गच्चीवर जायचा आणि बराच वेळ बोलून खाली यायचा. खाली आला की जेवायला वाढ म्हणायचा. मला त्याचा अभिमानही वाटायचा थोडा, आईसाठी एवढा भांडतोय म्हणून.

निरोप आला त्या दिवशी आत्या धार काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे आसं किती बारी चालायचं गं?"

मी म्हटलं, "आत्या, उरलेल्याचं निम्मं घ्यायचं ठरवलं तर कायमचं चालतं. पाचाचे अडीच, अडीचाचे सव्वा. दर वेळी तुमच्यासाठी काहीतरी उरतंच, पण ते तुमच्या हातात कधी येत नाही."

"आन मुदत संपल्यावर?"

"मुदत संपेल. निम्मं संपणार नाही."

म्हशीने शेपूट मारलं ते त्यांनी हाताने बाजूला केलं. मग म्हणाल्या, "पोरांना शिकव हे. मोठी मानसं आयकत न्हाईत."

त्या सहज बोलल्या असतील. मी मात्र आज्ञाधारक सून आहे, सोयीचं असेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दहावीला अंकगणिती श्रेढी होती. श्रेढी म्हणजे नियमाने येणाऱ्या संख्यांची रांग. अंकगणिती श्रेढीत शेजारच्या दोन पदांतला फरक सारखा असतो: दोन, पाच, आठ, अकरा. मी फळ्यावर पुस्तकातलं उदाहरण सोडवलं आणि खाली माझं स्वतःचं लिहिलं. एका पदाची मुदत साठ महिने. क, ख, ग, घ यांनी ती समान वाटून घेण्याचं कबूल केलं. क ने वीस महिने घेतले, ख ने वीस. मग ग ने उरलेल्या काळाचा निम्मा घेतला, आणि तो संपला की पुन्हा उरलेल्याचा निम्मा, आणि पुन्हा. तर ग ने घेतलेले महिने अंकगणिती श्रेढीत आहेत का? घ ची पाळी केव्हा येईल?

वर्गात खसखस पिकली. शेरीदऱ्यातल्या पोरांना पायथागोरस कळायला महिना लागतो, हे कळायला क्षण लागला. पहिल्या बाकावर ज्ञानेश्वरी बसते, गोरक्षनाथाची मुलगी. हुशार, अतिशय हट्टी, आणि गणितात बापाचं ऐकणार नाही अशी. ती उठली.

"मॅडम, दहा, पाच, अडीच. फरक सारखा नाही. अंकगणिती श्रेढी नाही."

"मग काय सारखं आहे?"

तिने थोडा विचार केला. "गुणोत्तर. दर वेळी आधीच्याचं निम्मं."

"बरोबर. याला भूमिती श्रेढी म्हणतात. तुमच्या पुस्तकात नाही, पण गावात आहे. आणि घ ची पाळी?"

"येतच नाही, मॅडम. ग स्वतःहून थांबल्याशिवाय हे गणित सुटत नाही." ती बसली, आणि बसता बसता पुन्हा उठली. "मॅडम, ग म्हणजे आमचे पप्पा ना?"

"गणितात ग म्हणजे ग," मी म्हटलं. "ज्याची किंमत माहीत नसते त्याला अक्षर देतात. कुणी मनाला लावून घ्यायचं नसतं."

गृहपाठाला मी एक उपप्रश्न दिला: क आणि ख यांनी वीस-वीस घेतले तरीही घ ला कबूल केलेले पंधरा महिने मिळायचे असतील, तर ग ने किती घ्यायला हवे होते? उत्तर पाच. त्या दिवशी दूध डेअरीवर, पिठाच्या गिरणीत आणि एसटीच्या थांब्यावर शेरीदऱ्यातली बरीच प्रौढ मंडळी बोटं मोजत होती, असं मला पोरांकडून कळलं. एका गृहपाठाचा एवढा प्रसार माझ्या नोकरीत कधी झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब शाळेत, माझ्या दहावीच्या वर्गावर आले. ते शालेय समितीचे अध्यक्ष आहेत. गणिताच्या भाषेत त्यांना स्थिरांक म्हणावं लागेल. पॅनल बदलतं, झेंडा बदलतो, आप्पासाहेब तेच. गावात ते समोर आले की मी डोक्यावर पदर घेते. शाळेत घेत नाही, आणि या फरकामुळे ते दारातच जरा गडबडले. मुख्याध्यापक त्यांच्या मागे, खडूच्या डब्याकडे बघत उभे.

"मॅडम," आप्पासाहेब म्हणाले, "ते गणित मागं घ्या."

"कोणतं?"

"ते क, ख चं."

"त्यात चूक आहे का काही?"

"चूक म्हंजी, क नं वीस म्हैने घेतले असं लिवलंय. त्यातले पाच आचारसंहितेचे. ते धरायचे न्हाईत."

ज्ञानेश्वरीचा हात वर गेला. मी तिला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

"अध्यक्ष साहेब, मग एकूण साठातूनही ते पाच वजा करायचे का?"

"कर की वजा. आमचं काय जातंय."

तिने फळ्यावर जाऊन वजा केले. "राहिले पंचावन्न. भागिले चार, पावणेचौदा. म्हणजे सगळ्यांचाच वाटा कमी झाला. क चा पण."

"माझा कशाला कमी व्हईल?" आप्पासाहेब म्हणाले.

वर्गात कुणीतरी मागून अगदी साधेपणाने विचारलं, "क म्हणजे तुम्ही का?" आणि मग ते हसू जे उसळलं ते मुख्याध्यापकांनाही आवरलं नाही. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं, पण खोकताना कुणाचे खांदे असे हलत नाहीत. आप्पासाहेबांनी फळ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. पाच महिने साठात धरायचे आणि त्यांच्या वाट्यात धरायचे नाहीत, असं फळ्यावर काही लिहिता येत नव्हतं. ते बिचारे बराच वेळ तशी एखादी जागा शोधत होते.

ती सापडली नाही आणि त्यांचा तोल गेला. "आमालाच कशाला बोल लावता, सूनबाई? ते निम्म्या-निम्म्याचं काय आमी काडलं? तुमच्या मालकानंच काडलंय. पारनेरला हाटेलात बसून. मनला, आईचं वय झालंय, तिला काय झेपायचं न्हाई, तिचे म्हैने गोरक्षकडंच राहू द्या. निम्मं-निम्मं करत दिवस काढा, मी घरचं बघतो. आन पुढच्या टायमाला पॅनलनं मला सरपंचाला उभं करा. विचारा घरी जाऊन."

हसू थांबलं. ज्ञानेश्वरी खडू हातात घेऊन फळ्याजवळ उभी होती आणि आता तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, बस. मग मी फळा पुसला आणि पुढचं उदाहरण लिहिलं, साधं, पुस्तकातलं, आणि तास संपेपर्यंत ते शिकवत राहिले. आप्पासाहेब केव्हा गेले ते मला आठवत नाही.

राग आला होता, हे सांगायला नको. पण रागाहून जास्त लाज वाटत होती. बापाची मुलगी भर वर्गात बापाविरुद्ध बरोबर उत्तर देत होती, आणि मी इतके महिने शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या गच्चीवरच्या फोनचं कौतुक करत होते. तो फोनवर भांडत नव्हता. तो आईचे महिने वाटत होता.

संध्याकाळी आदिनाथ घरी आला तेव्हा आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. सांगावं की न सांगावं यावर मी शाळेतून घरी येईपर्यंत विचार केला होता आणि दारात येईपर्यंत तो संपला होता. दोघांच्या समोर, आप्पासाहेब जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

आदिनाथने आधी आप्पासाहेबांना शिव्या दिल्या. मग मला म्हणाला की गावातली भानगड वर्गात नेलीस कशाला. मग आईकडे वळला. "आई, तुझ्याच भल्यासाठी केलं. मीटिंगा असत्यात, तालुक्याला चकरा असत्यात, बीडीओ काय बोलतो, ग्रामसेवक काय बोलतो. तुला काय कळनारे त्यातलं?"

आत्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. "मला कळलं न्हाई, हे खरंय," त्या म्हणाल्या. "तू माझ्या ताटात जेवून माझेच म्हैने वाटतोस, हे मला कळलं न्हाई."

"आगं, तसं न्हाई..."

"मी लई बाळंतपनं केली, आदिनाथ. म्हशींची केली, बायांची केली. पर सवताच्या पोरानं आईला आडवं यावं, हे पयल्यांदाच बघितलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि बहुतेक त्यालाही. त्या उठल्या, पायात चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. मी तवा उतरवला आणि त्यांच्या मागे गेले.

गोरक्षनाथाचं घर चार आळ्या पलीकडे. तो ओट्यावरच होता, टेम्पोचं टायर बघत. आत्यांना पाहून उभा राहिला आणि कुणी काही विचारायच्या आधीच बोलू लागला.

"काकू, मी काय करू सांगा. आदिनाथ मनला आईचीच विच्छा हाय. मी मनलं, मग आपल्याला काय. मला त्या खुर्चीचा काय सोस न्हाई. उलट टेम्पोच्या फेऱ्या बुडत्यात."

"माझी विच्छा मला इचारली का कुनी?"

"न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला.

दारात ज्ञानेश्वरी उभी होती. तिच्या तोंडावरून वाटलं की या घरात दोन दिवस धड कुणी जेवलेलं नाही. "पप्पा, मी तुम्हाला सांगितलं ना," ती म्हणाली, "तुम्ही थांबल्याशिवाय हे सुटत नाही."

"हिनं माझं डोस्कं खाल्लंय, मॅडम," गोरक्षनाथ मला म्हणाला, जणू तिला मीच जन्म दिलाय. "जेवायला बस मनलं तर म्हनती, आधी उत्तर द्या." मग तो आत्यांच्या पायाशी वाकला. हा माणूस अपराधी वाटलं की पाया पडतो. "उद्या सकाळी राजीनामा देतो, काकू. माझ्या म्हशीची शपथ."

त्या म्हशीचं मागचं बाळंतपण आत्यांनीच केलं होतं, त्यामुळे ही शपथ भंडाऱ्यापेक्षा भारी होती. त्याने सकाळी राजीनामा दिला. पुढे रीतीप्रमाणे विशेष बैठक लागली आणि आत्यांची बिनविरोध निवड झाली, कारण विरोधात अर्ज भरायला आप्पासाहेबांना तोंड नव्हतं आणि वाल्मिकला वेळ नव्हता. पाळी पंधरा महिन्यांची होती. मिळाले जेमतेम चार. तेवढ्या दिवसांत आत्या घरी आदिनाथशी कामापुरतं बोलायच्या: दूध घातलं का, लाईट आली का. तो दोन वेळा काहीतरी बोलायला त्यांच्या जवळ जाऊन बसला आणि दोन्ही वेळा उठून आला.

आत्यांची पहिली बैठक होती त्या दिवशी मला दुपारी तास नव्हते. मी ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर, खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आदिनाथने सवयीने मोटारसायकल काढली, आत्या मात्र मागे बसल्या नाहीत. त्या चालत आल्या. तोही मग गाडी ढकलत त्यांच्या बाजूने चालत आला, कारण आईला चालत सोडून स्वतः गाडीवर जाणं गावाने पाहिलं असतं.

आत कार्यालयात टेबल, त्याभोवती खुर्च्या, आणि खुर्च्यांवर सगळी पुरुष मंडळी. त्यातली निम्मी निवडून आलेली, निम्मी निवडून आलेल्यांचे नवरे, मुलं, सासरे. सदस्य असलेल्या तीन बायका दाराजवळच्या सतरंजीवर बसलेल्या. सरपंच नगरला कोर्टाच्या तारखेला गेले होते, म्हणून बैठक उपसरपंचांनी चालवायची होती. आत्या मधल्या खुर्चीत बसल्या. खुर्ची उंच होती आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्या खुर्चीत त्या फारच लहान दिसत होत्या. आदिनाथने एक खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या हाताला लावली, बसला, आणि ग्रामसेवकाला म्हणाला, "हं, घ्या सुरू करून."

"थांबा," आत्या म्हणाल्या. "ज्यांना लोकांनी निवडून दिलंय त्यांनी बसा. बाकीच्यांनी भायेर."

कुणीच हललं नाही. प्रत्येकाला वाटलं हे शेजारच्याबद्दल आहे. आदिनाथ तर हसला, आईने इतरांना चांगलं सुनावलं म्हणून.

"आदिनाथ, तू बी."

"आई, मी तुझ्या वतीनं..."

"माझ्या वतीनं मीच हाय."

तो उठला. त्याच्यामागे एकेक करत बाकीचे उठले, कुणी टोपी झटकत, कुणी फोन कानाला लावत, जणू महत्त्वाचा कॉल आत्ताच आला. खुर्च्या रिकाम्या झाल्या. गोरक्षनाथ, वाल्मिक, आप्पासाहेब आणि आणखी एक-दोन खरे सदस्य तेवढे उरले आणि एकमेकांपासून लांब लांब बसल्यामुळे ते आणखीच थोडे दिसू लागले. आत्यांनी सतरंजीकडे पाहून हात केला. तिघी बायका उठल्या आणि खुर्च्यांच्या अगदी कडेवर टेकल्या.

ग्रामसेवकाने विचारलं, "काकू, पहिला विषय कोणता घ्यायचा?"

आत्यांनी समोरचं रजिस्टर उघडलं आणि पुन्हा मिटलं. या खुर्चीसाठी त्या वर्षानुवर्षं थांबल्या होत्या, आणि तिच्यात बसल्यावर आधी काय म्हणायचं असतं ते त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. आदिनाथ माझ्या शेजारी खिडकीबाहेर उभा होता. त्याला ते ठाऊक होतं. तो ते ओठांत पुटपुटलाही. आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिघींतल्या सगळ्यांत लहानीकडे पाहिलं, रुपालीकडे. ती निवडून आल्यापासून बैठकीत तिचा सासरा बोलायचा.

"रुपाली, तू बोल आधी. तुझ्या वस्तीचं काय हाय?"

रुपाली चाचरली. "आमच्या मामांना इचारून सांगते," ती म्हणाली, आणि खिडकीकडे बघू लागली, कारण तिचे मामंजी तिथेच, आदिनाथच्या खांद्यामागे, मान उंच करून उभे होते.

आत्या खुर्चीतून उतरल्या. टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी आल्या. एक क्षण आम्ही सगळे त्यांना दिसत होतो, मी, त्यांचा मुलगा आणि ते बाकीचे सगळे. मग त्यांनी खिडकी आतून लावून घेतली.

"आता बोल," आतून ऐकू आलं.

पुढचं काही मला ऐकू आलं नाही. गावातले सगळे नवरे, मुलं आणि सासरे यांच्यासोबत मीही बाहेर उभी होते, आणि बाहेर उभं राहण्याचा मला जन्मात इतका आनंद कधी झाला नव्हता.